जकातदाराचा हात

संशय घेण्याचा मला पगार मिळतो. चाकणच्या एका कंपनीत बाहेरून येणारे सुटे भाग तपासून घेणं हे माझं काम. खोक्यावर ‘तपासले’ असा शिक्का दिसला की मी ते खोकं सगळ्यात आधी उघडते. त्यामुळे नवऱ्याने जेव्हा जाहीर केलं की आपण आपला खेळ पुस्तक म्हणून काढू, आणि तोही पानोपानी रंगीत, तेव्हा मी पहिलं हेच विचारलं, की यात पैसे कोण खाणार आहे.

खेळ म्हणजे दर रविवारी आमच्या ताथवड्याच्या फ्लॅटमध्ये चालणारा प्रकार. पाचसहा चांगली मोठी माणसं टेबलाभोवती बसतात. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात आणि पात्राला जमलं की फसलं हे फासे ठरवतात. सांगणारा माझा नवरा. त्याने घाटवाटांचा, व्यापारी तांड्यांचा, जकात नाक्यांचा एक अख्खा मुलूख मराठीत रचला होता. नियम, नकाशे, भुतंखेतं, सगळं. चांगलं होतं, हे मलाही मान्य करावं लागलं.

“मग काळ्यापांढऱ्यात छाप की,” मी म्हणाले.

“शाळेच्या गाइडसारखं दिसेल. बघणाऱ्याला त्या मुलखात जावंसं वाटायला हवं.”

हिशेबाला मी बसले, कारण त्याला बसवलं असतं तर फ्लॅट गेला असता. रंगीत छपाई ही मुळात लबाड गोष्ट आहे. चार रंगांच्या प्लेटा करून मशीन लावण्याचा खर्च शंभर प्रतींना जेवढा, तेवढाच हजाराला. प्रती कमी काढा, एकेक प्रत सोन्याच्या भावात जाते. जास्त काढा, पलंगाखाली गठ्ठे. रंग खुलायला गुळगुळीत जाड कागद लागतो, जाड कागद कुरिअरवाल्याच्या काट्यावर बोलतो. दुकानदार आपला वाटा आधीच कापून घेतो. आणि या सगळ्यावर ताण म्हणजे चित्रं. पुस्तकाचा मोठा खर्च कागदात नसून चित्रांत असतो हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी आम्ही आगाऊ नोंदणी घ्यायचं ठरवलं. ठरलेला आकडा गाठला तर पुस्तक रंगीत, नाही तर नाही. नोंदणी करणाऱ्यांना शब्द दिला की सगळी चित्रं माणसाच्या हातची असतील, एआयच्या मशीनची नाहीत. हल्ली असा शब्द द्यावा लागतो.

चित्रकार नवऱ्याने थेरगावात शोधला. डांगे चौकाजवळ रेडियमच्या दुकानात गाड्यांना नंबर आणि स्टिकर लावणारा तिशीचा माणूस, रात्री घरी चित्रं काढणारा. दर कमी, काम सुंदर आणि सांगितलेल्या दिवशी हजर. माझ्या मनात पाल चुकचुकली ती इथेच. स्वस्त आणि वक्तशीर माणूस मी चाकण पट्ट्यात अजून पाहिलेला नाही. कच्ची रेखाटनं मागितली तर म्हणायचा, “वेगळं कच्चं काही नसतं ताई, त्याच कागदावर रंगवतो.” घरी येऊन बघते म्हटलं तर म्हणायचा, घरात जागा नाही. कुठेतरी पाणी मुरतंय, असं मी रोज जेवताना नवऱ्याला सांगायचे. तो म्हणायचा, तुला चांगलं काही बघवत नाही.

आकडा जवळ आला तेव्हा आम्ही नोंदणी करणाऱ्यांच्या ग्रुपवर नमुन्याचं पान टाकलं. जकात नाक्यावरचा म्हातारा, मागे कंदील, पंजा पुढे करून तांड्याला थांबवतोय. पान त्या पंजानेच भरलेलं. चित्र बघून मी स्वतः थबकले होते. थोड्याच वेळात कुणीतरी लिहिलं, बोटं मोजा.

मोजली. अंगठा धरून चार. मशीनने बनवलेल्या चित्रांत बोटं चुकतात हे आता शाळेतली पोरंही सांगतात. लोक हसले, मग चिडले, मग पैसे परत मागू लागले. असंच चालू राहिलं असतं तर रंग सोडाच, पुस्तकच बारगळलं असतं. नवऱ्याचं जेवण सुटलं. मी चित्रकाराला फोन लावला.

“बोटं किती काढलीयेस?”

“चार.”

“चार कशी?”

“बरोबर आहेत ताई. बघून काढलंय.”

“मशीनकडून करून घेतलंस का?”

त्याने फोन ठेवून दिला आणि मला वाटलं, सापडला.

तपासणीला कळवून जायचं नसतं. रविवारी सकाळी मी न सांगता थेरगावला गेले. एक खोली, पुढे ओटा. कॉटवर रंगांच्या वड्या, ब्रश आणि जकातदाराचं मूळ चित्र, कडेला रंग फुटलेलं. खरोखरच जागा नव्हती. चित्रकार उभाच राहिला. त्याच्या वडिलांनी मला पाण्याचा ग्लास पुढे केला. ग्लास घेण्याआधी मी तो हात पाहिला. करंगळीशेजारचं बोट मुळापासून नव्हतं.

“सांगितलं का नाहीस?” मी मुलाला विचारलं.

“तुम्ही मशीनचं विचारलंत. हात कुणाचा ते नाही विचारलंत.”

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. पुरावा समोर होता. या हाताचा एक फोटो टाकला की सगळ्यांची तोंडं बंद. मी म्हाताऱ्याला लोक काय म्हणतायत ते सांगितलं आणि पर्समधून फोन काढला. मुलगा म्हणाला, “अब्बा, नको.” पण म्हाताऱ्याने कॉटवर पंजा पसरून ठेवलाही होता, बोटं फाकवून, सवयीने ठेवावा तसा.

“उलटा बी लागंल ना?” ते म्हणाले. “सायबांनी दोन्ही बाजूंनी काढला हुता.”

“कुठले साहेब?”

“कंपनीतले. पत्र्याच्या प्रेसवर बोट गेलं तवा. म्हनले, भरपाईला लागतो.”

“मिळाली भरपाई?”

“न्हाई. आमी ठेकेदाराची मान्सं, हजेरीत नाव नव्हतं. मग म्हनले, आमच्याच मशीनवर गेलं कशावरून?” त्यांनी हात थोडा उजेडाकडे सरकवला. “घ्या ताई. दिसतंय ना नीट?”

कशावरून. हा शब्द मी दिवसातून किती वेळा वापरते. मला माझाच संताप आला, त्या साहेबांचा आला, बोटं मोजत बसलेल्या त्या सगळ्या ग्रुपचा आला. फोन मी परत पर्समध्ये टाकला आणि पाणी प्यायले.

घरी येऊन ग्रुपवर लिहिलं, चित्रं हातानेच काढलेली आहेत, ज्यांना पटत नाही त्यांनी पैसे परत घ्यावेत. पुरावा द्या, असे लगेच निरोप आले. दिला नाही. बऱ्याच जणांनी पैसे घेतले आणि रंगीत छपाईचा आकडा हुकला. नवऱ्याला मी खोलीतली सगळी हकिकत सांगितली. हातातले फासे डब्यात टाकत तो म्हणाला, “मग काळ्यापांढऱ्यात. पण ते एक पान रंगीत.”

चित्रांचे ठरलेले पैसे चित्रकाराला पूर्ण दिले. भोसरीच्या छापखान्यात मी स्वतः गेले, कारण छापखानेवाल्यांवर माझा विश्वास नाही. कागद बोटांत धरून पाहिला, गठ्ठ्याच्या तळाचाही पाहिला. जाड कागदावर वेगळं छापून आत चिकटवायचं ते एकच पान मालकाने उजेडात धरलं.

“मॅडम, गडबड आहे हो,” तो म्हणाला. “मशीनचं चित्र गळ्यात मारलंय तुमच्या. बोटं मोजा.”

“मोजलीत,” मी म्हणाले. “बरोबर आहेत.”