चादरीआडून काढलेले फोटो

लहान पक्षी गोड असतात म्हणणाऱ्यांनी ऐंशीच्या दशकात भांडुपला आमच्या चाळीमागे एक सकाळ काढायला हवी होती. मोरीच्या भिंतीवर खंड्या पालीला आपटून आपटून मारायचा. दोन दयाळ नर एकमेकांचे डोळे फोडायला उठल्यासारखे गटारात गडबडा लोळायचे. मला ते बघायला आवडायचं. मीही काही शांत माणूस नव्हतो. कारखान्यात दोनदा मारामारी करून बसलो होतो.

एका उन्हाळ्यात कुंपणालगतच्या बदामाच्या रोपावर एक हिरवट, चिमुकला पक्षी दिसायला लागला. आठवडाभर मी त्याला वटवट्याच समजत होतो. मग डोक्यावरची तांबूस टोपी दिसली, आणि त्याच रोपावर कडेने टाके घालून शिवलेली दोन पानं. शिंपी! घरट्यात तीन पिल्लं होती.

कारखान्यातल्या मित्राने त्याचा कॅमेरा एका रविवारपुरता दिला, आत अर्धं रीळ शिल्लक होतं. "सोमवारी परत हवा हं. वाट लावू नकोस त्याची," त्याने बजावलं. त्याआधीच मी दोरीवर जुनी चादर सोडून तिला लेन्सपुरतं भोक पाडून ठेवलं होतं, म्हणजे पक्ष्यांना सवय होईल. ती झालीही. पण घरटं पानांच्या सावलीत होतं, फोटो काळाच आला असता. रविवारी सकाळी मी घरट्यावर सावली धरणारी वरची दोन पानं कात्रीने छाटली, तिसरं दोऱ्याने मागे बांधलं.

"अहो, उघडं पाडलंत की त्यांना," बायको म्हणाली.

"तासाभराचा प्रश्न आहे," मी खेकसलो आणि चादरीमागे जाऊन बसलो.

तासही लागला नाही. मादी अळी घेऊन आली, तीन चोची वर झाल्या, माझे चार-पाच फोटो झाले. ती उडाली आणि कुंपणाच्या भिंतीवर, घरट्याला अगदी लागून, कावळा उतरला. माझ्यापासून चार हातांवर.

त्याने पहिलं पिल्लू मानेला धरून ओढलं तशी पानांची शिवण फाटली. भिंतीवर पायाखाली दाबून त्याने त्याचं पोट फोडलं. दोन्ही शिंपी किंचाळत त्याच्या डोक्यावर आदळत होते, त्याने मानही वळवली नाही. मी बटण दाबलं. अंगठ्याने रीळ पुढे सरकवलं, पुन्हा दाबलं. त्याने दुसरं ओढलं. ऊन बरोबर त्याच्या चोचीवर होतं, रक्त चमकत होतं, आणि सांगायला लाज वाटते, मला आनंद झाला होता. असा फोटो कुणाकडेच नसेल, एवढंच डोक्यात. तिसरं पिल्लू अजून जिवंत होतं. फांदी हलली म्हणून आई आली समजून त्याने चोच उघडली. मी तोही फोटो काढला.

रीळ संपलं, तेव्हा मी बाहेर धावलो. तोवर तिसरंही गेलं होतं.

कपडे वाळत घालायची काठी हाताला लागली. पहिला फटका कावळ्याच्या पंखावर बसला, तो गटारात कोसळला. मी मारत सुटलो. त्याची मान मोडली, डोकं चेचलं गेलं, तरी माझा हात थांबेना. शेवटी बायकोने मागून काठी धरली.

"त्याला कशाला मारताय? तुम्ही चादरीआड बसला होतात ना?"

मी काठी टाकून दिली. पुढे आठवडाभर कावळे माझ्या डोक्यावर टोचा मारत होते. दोनदा रक्त आलं, पण मी एकदाही त्यांना हाकललं नाही.

फोटो धुऊन आले. मित्राने कारखान्यात सगळ्यांना दाखवले. शेवटच्या फोटोत तिसऱ्या पिल्लाच्या उघड्या चोचीच्या आतला लालपणासुद्धा स्वच्छ आला होता.

"झकास रे! एवढ्या जवळून? आणि कावळा उडाला कसा नाही?" एकाने विचारलं.

"मी आवाजच केला नाही," मी म्हणालो.