मिड-मेजर आणि माझी घासाघीस

जाधव मॅडम नसत्या तर माझी मुलगी आज अमेरिकेत खेळत नसती, आणि त्याला जबाबदार फक्त मी असतो. मॅडम राजारामपुरीत इंग्रजीचे क्लास घेतात. मी मूळचा परभणीकडचा, नववीत शाळा सोडलेला. पोटासाठी इकडं आलो आणि तीस वर्षं शिवाजी पेठेत संघांच्या जर्सी शिवतोय. घाबरणं हा जोडधंदा.

प्राची सहा फूट उंच, बास्केटबॉल खेळते. तिला तिकडच्या एका कॉलेजनं शिष्यवृत्ती देऊ केली. त्यांच्या कोचबाई व्हिडिओवर आमच्याशी बोलणार होत्या. प्राचीनं आधीच सांगितलं, "बाबांचं भाषांतर मी करणार नाही." म्हणून मॅडम आल्या.

कॉलेज 'मिड-मेजर' गटातलं होतं. मेव्हण्याला, बाळूला, विचारलं. इथं तालमींचे फुटबॉल संघ असतात, त्यातला तो जाणकार (स्वतः कधी खेळला नाही).

"पैसेवाल्या लीग चार-पाचच, दाजी. ह्ये त्यांच्या खालचं. पयल्या बोलीला व्हय म्हणायचं न्हाय. आमच्या तालमीत खेळाडू कसा घेत्यात, बघताय की. दुसऱ्या संघाचं नाव काढायचं अन् तोंड पाडून बसायचं."

मी तोंड पाडून बसलो. म्हणालो, "मधल्या गटात आम्हाला नको. वरच्या लीगचंही बोलावणं आहे." (नव्हतं. दुसरं बोलावणं फक्त मावसभावाच्या पोराच्या बारशाचं होतं.)

प्राचीनं डोळे मिटले. मॅडम इंग्रजीत बोलल्या. कोचबाई एकदम हळव्या झाल्या. दारामागून बाळूनं अंगठा दाखवला. मला चेव आला.

"संघाच्या जर्सी मी शिवणार. आणि वर्षातून दोनदा पोरगी घरी पाठवायची, नाहीतर राहू दे."

मॅडम शांतपणे बोलत राहिल्या. कोचबाईंनी डोळे पुसले, छातीवर हात ठेवला. जागा पक्की झाली. मी कॉलर ताठ केली.

"बाबा, मॅडम काय म्हणाल्या माहितीय?" प्राची म्हणाली. "म्हणाल्या, हे लहानपणीच घर सोडून आलेत. लांब राहणं काय असतं ते यांना माहीत आहे, म्हणून भीती वाटते."

मी बराच वेळ सुईत दोरा ओवत बसलो.

मग मॅडमनी समजावलं, "मिड-मेजर हे काही सरकारी नाव नाही. बड्या लीग सोडून उरलेल्यांना लोक तसं म्हणतात. पैसा, टीव्ही कमी. पण आपली लीग जिंकली की देशाच्या स्पर्धेत थेट प्रवेश. तिथं एखाद्या वर्षी बड्यांनाही घरी पाठवतात. वरच्या संघात प्राची बाकावर बसली असती. इथं ती खेळेल."

"मॅडम, उपकार कसे फेडू?"

"कोचबाईंचा परत फोन आला तर तुम्ही गप्प बसा. फिटलं."

फेडीन, मॅडम, शब्द देतो. पण एवढी मोठी परतफेड एकदम जमायची नाही, हप्त्याहप्त्यानं गप्प बसेन.