तंबाखूचा चीक

वडगावच्या घरात लेक सकाळपासून इंग्रजी घोकतेय, ‘ब्रँच म्हणजे फांदी, आणि बँकेची शाखासुद्धा.’ माझं कशातच लक्ष लागत नाही. सारखी आपले हात धुतेय आणि हुंगून बघतेय.

लहानपणी निपाणीजवळच्या आमच्या रानात थोरली आक्का आणि मी तंबाखूचे शेंडे खुडत होतो. दहावीतली आक्का पुढं, मी तिच्या मागं. कितीही धुतलं तरी वास न जाणाऱ्या चिकानं काळी झालेली बोटं चालवत ती माझा अभ्यास घ्यायची.

‘लीफ?’

‘पान.’

‘झाडाचं व्हय. आणि?’

‘पुस्तकाचं बी.’

‘प्लँट?’

‘रोप.’

‘आणि?’

मी आठवत होते, तेवढ्यात बांधावरून आप्पांचा आवाज आला, ‘आक्का, ऐतवारी चिकोडीची माणसं तुला बघायला येणार हाईत. उद्यापासनं शाळा बास.’

आक्कानं समोरचा शेंडा कट्‌कन मोडला आणि मागं न बघता म्हणाली, ‘प्लँट म्हंजे कारखाना बी. ध्यानात ठेव, परीक्षेत येतंय.’

शेंडा खुडला की खालच्या पानांना जोर येतो, असं आप्पा नेहमी सांगायचे. मी पुढं लई शिकले. आज शाळेत इंग्रजीच शिकवते.

‘आई,’ लेक वहीतून मान वर करून विचारते, ‘सारखी हात का धुतेस गं?’