कडेची पट्टी

"हद्द वेगळी, कड वेगळी," असं म्हातारा गवंडी दोरी ताणताना दरवेळी म्हणायचा. हद्द म्हणजे नुसती रेघ, तिच्यावर मुंगीलाही बसता यायचं नाही. कड म्हणजे जागा. तिथं गिलावा करणाऱ्याचा पाय मावतो, भांडून दमलेली दोन माणसं टेकतात. म्हणून लोकांच्या भिंती घालताना तो दोन्हीकडच्यांना आधी थोडी पट्टी सोडायला लावायचा, मगच वीट उचलायचा.

थोरल्या सुनेला हे ऐकून ऐकून पाठ झालं होतं. आता भिंत घरच्याच परसात घालायची होती, दोन मुलांच्या मधे, आणि घालणार बापच.

"बाबा, बरोब्बर दोरीवर घ्या," थोरला म्हणाला.

"आणि कडेची पट्टी?"

"पट्टी सोडली की उद्या तिच्यावरनं भांडण," धाकटा म्हणाला.

चला, एवढ्या एका बाबतीत तरी दोघांचं जमलं, सुनेच्या मनात आलं.

म्हाताऱ्याची खाट नेमकी त्या पट्टीवर होती. "मग मी पडू कुठं?"

"तुम्ही म्हणाल तिकडं की," थोरला म्हणाला. माझ्याकडं या, असं मात्र दोघांतला एकही म्हणाला नाही. सुनेनं नवऱ्याकडं पाहिलं. तो विटा मोजत होता.

थोरल्याच्या बाजूला उभा राहून म्हाताऱ्यानं भिंत छातीपर्यंत आणली. मधेमधे कमरेवर हात ठेवून तो नुसताच उभा राही. पलीकडून धाकटी जाऊ ओरडली, "मामंजी, आमच्याकडनं सगळं ओबडधोबड दिसतंय!"

"येतो गिलाव्याला."

"तिकडं गेलात तर राहा मग तिकडंच," थोरला फटकन बोलला.

"छे छे, गिलाव्यापुरतेच या हां, बाबा," धाकटा भिंतीआडून हसत म्हणाला.

म्हातारा हसला नाही. त्यानं थापी धुतली, ओळंब्याची दोरी गुंडाळली, दोन्ही पिशवीत टाकल्या.

"मामंजी, जेवून तरी घ्या," सून म्हणाली. आपला आवाज उशिरा निघाला, हे तिचं तिलाच कळलं.

"दमलो गं पोरी. बहिणीकडं जाऊन पडतो जरा."

तो परसाच्या फाटकाबाहेर पडला. डांबरी रस्ता मोकळा होता, तरी तो रस्त्यावरून गेला नाही, की लोकांच्या अंगणातूनही नाही. मधल्या गवताच्या पट्टीवरून, कडेकडेनं, तो पाय ओढत गेला. थोरली सून फाटकाशी उभी राहून बघत होती. भिंतीपलीकडून मान उंचावून धाकटीही.