सरोजताईंचा डोंगल आणि तीन टेबलं

लिहिण्याआधी माफी मागतो. नोकरीतले अनुभव लिहिणारी माणसं साधारणपणे आयुष्यभर काम करून रिटायर झालेली असतात. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि शनिवार-रविवार वाशीच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात लॅपटॉप विकतो. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिताना कुठे चुकलं तर सांगायला घरी कोणी नाही. पण लॅपटॉप घेताना लोक काय विचारतात आणि काय विचारायचं राहून जातं, याबद्दलचा एक प्रसंग माझ्याकडे आहे. तो सांगावा असं खूप दिवस वाटत होतं.

त्या शनिवारी दुपारी एक बाई माझ्या आणि शाहिदच्या टेबलांच्या बरोबर मधोमध उभ्या होत्या. पन्नाशीच्या आसपास. हातात मोबाइल आडवा धरलेला आणि त्यावर व्हिडिओ कॉलवर त्यांचा मुलगा.

"आई, कॅमेरा त्या दुसऱ्या टेबलाकडे कर. हां. तो सिल्व्हर कलरचा दिसतोय ना, तो मॅक. तोच घ्यायचाय."

"प्रशांत, अरे हा मुलगा काहीतरी सांगतोय."

"त्याचा टी-शर्ट बघ आई. टी-शर्टवर ज्याचं नाव, त्याचंच तो सांगणार."

मुलगा बरोबर बोलत होता. दुकानात रंगीत टी-शर्ट घालून उभे असलेले आम्ही दुकानाचे नोकर नसतो. प्रत्येक कंपनी एजन्सीमार्फत आपला माणूस आपल्या टेबलामागे उभा करते. त्याला प्रमोटर म्हणतात. पगार एजन्सी देते, टार्गेट कंपनी देते, ओरडा दुकानाच्या मॅनेजरचाही खावा लागतो. कस्टमरला यातलं काही माहीत नसतं. आमच्यात एक न लिहिलेला नियम आहे. कस्टमर आधी ज्या टेबलाशी थांबेल, त्या टेबलाचा. दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचं नाही. आणि आपला कस्टमर आपण होऊन दुसऱ्याच्या टेबलावर तर न्यायचाच नाही.

या बाई मधोमध उभ्या असल्यामुळे शाहिद आणि मी दोघेही एकमेकांकडे बघत गप्प होतो. शाहिद मॅकवाला. माझ्या टेबलावर विंडोजचे लॅपटॉप. माझ्याकडचा सगळ्यात महाग मॉडेल मॅकच्याच तोडीचा होता. तितकाच पातळ, तितकाच हलका, बॅटरी दिवसभर चालणारी.

शेवटी शाहिदनेच मला हाताने खूण केली. तू बोल.

"मॅडम, लॅपटॉपवर काम काय करणार?" मी विचारलं.

"मॅडम नको म्हणू, ताई म्हण. सरोजताई म्हणतात मला. माझं कोपरखैरण्याला डीटीपीचं दुकान हाय."

मीही कोपरखैरण्याचाच. मग सेक्टर कोणता, वडील कुठे कामाला, हे झालं. वडील तुर्भ्याला कारखान्यात आहेत म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग तुज्या मुंजीची, लग्नाची पत्रिका आमीच करणार."

"आमच्यात मुंज नसते ताई."

"आमच्यात तरी कुठं असती. लग्नाची करू."

मुलगा तिकडून म्हणाला, "आई, मी मीटिंगला चाललोय. कार्डाचा ओटीपी येईल तेव्हा फोन कर." स्क्रीनवरून त्याचा चेहरा गेला.

डीटीपी म्हणजे छपाईच्या आधीचं काम. मजकूर टाइप करायचा, मांडायचा आणि प्रेसला पाठवायचा. सरोजताई लग्नपत्रिका, पुण्यस्मरणाची पत्रकं, संस्थांच्या स्मरणिका करत. त्यांचं दुकान ज्या इमारतीत होतं ती पाडून नवी बांधणार होते. महिनाअखेर गाळा सोडायचा होता. राहायला त्या पनवेलजवळ करंजाड्याला चालल्या होत्या. कस्टमर मात्र सगळे इकडचे. त्यामुळे आता त्यांनाच कस्टमरच्या घरी जावं लागणार होतं.

"मॅटर व्हॉट्सॲपवर नाही का पाठवत लोक?" मी विचारलं.

"पाठवतात की. पण पत्रिका घरात बसूनच फायनल होती. आत्याचं नाव काकूच्या आधी का आलं, मामा एकच का टाकला, सगळी डोक्यावर उभी राहून भांडतात. भांडण मिटलं की मी ओके घेते. फोनवर ओके दिला की दुसऱ्या दिवशी एक नवीन मामा निघतो."

म्हणून लॅपटॉप. पाठीवर टाकून बसने फिरता येईल असा, म्हणून हलका. बेंगळुरूला नोकरीला लागलेल्या मुलाने सांगितलं होतं, आई, आता घेऊच तर सगळ्यात चांगला घेऊ.

इथपर्यंत दोन्ही टेबलं सारखीच होती. मग मी विचारलं, "मराठी कशात टाइप करता?"

त्यांनी एका जुन्या सॉफ्टवेअरचं नाव सांगितलं. ते मी फक्त ऐकून होतो. आज आपण मोबाइलवर जे मराठी लिहितो ते युनिकोड, ते कुठेही उघडतं. त्याआधीच्या मराठी सॉफ्टवेअरचे फॉन्ट वेगळे होते. ते सॉफ्टवेअर नसेल तर तीच फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो. शिवाय चोरून कॉपी होऊ नये म्हणून त्याबरोबर एक डोंगल येतो, म्हणजे पेन ड्राइव्हसारखी एक छोटी किल्ली. ती लावलेली नसेल तर सॉफ्टवेअर उघडतच नाही. सरोजताईंच्या आजपर्यंतच्या सगळ्या फाइली त्यातच होत्या. बोटांनाही जुन्या टाइपरायटरच्याच जागा पाठ होत्या.

"युनिकोडवर नाही जाता येणार?"

"शिकीन की. पण तोवर नवरदेव थांबणार हायत का?"

मी म्हटलं, "मग मॅक नको. त्यात विंडोजची सॉफ्टवेअर सरळ चालत नाहीत. आमच्यावर चालेल. हे विंडोज आहे ना."

त्यांनी माझ्या टी-शर्टकडे बघितलं. मला त्यांचं चूक वाटलं नाही.

"ताई, आज घेऊच नका," मी म्हटलं. "उद्या दुकान उघडल्या उघडल्या डोंगल आणि सॉफ्टवेअर घेऊन या. दोन्हीकडे लावून बघू. मग ठरवा."

त्या गेल्यावर मॅनेजर देसाई सर जवळ आले. "काय रे, गेली?"

"उद्या येणार आहेत सर."

"उद्या कोण येतं? ओटीपीपर्यंत आलेला कस्टमर तू घरी पाठवलास. कॉलेजात हे शिकवतात का?"

"डेमो पीसवर त्यांचं सॉफ्टवेअर टाकून बघायचंय सर. परवानगी पाहिजे."

"आली तर टाक," सर म्हणाले. ती येणार नाही याची त्यांना खात्री होती, म्हणून परवानगी मिळाली.

रविवारी शटर वर जाताना सरोजताई बाहेर उभ्या होत्या. डोंगल चष्म्याच्या केसमध्ये ठेवून आणला होता. चष्मा डोळ्यावर होता.

आधी शाहिदचं टेबल. मॅकला डोंगल लावायला जागाच नव्हती, मध्ये एक अडॅप्टर लावावा लागला. मग शाहिदने सॉफ्टवेअरची फाइल बघितली, फोनवर थोडं शोधलं आणि मान हलवली.

"ताई, ह्याच्यात ते नाय चालणार. जुगाड असतात, पण तुमच्या डोंगलची गॅरंटी मी नाय देणार."

"तू तर विकणारा माणूस," सरोजताई म्हणाल्या.

"विकतो ना. पण परत आलेला पीस पण मलाच घ्यायला लागतो."

मग माझं टेबल. मी जरा छाती काढूनच बसलो. सॉफ्टवेअर इन्स्टॉल झालं. सरोजताईंनी माझ्याकडे पहिल्यांदा बऱ्या नजरेने बघितलं. डोंगल लावला. स्क्रीनवर आलं, डोंगल सापडत नाही. काढून परत लावला, दुसऱ्या बाजूला लावला, लॅपटॉप बंद करून चालू केला. तेच.

कारण माझ्या डोळ्यांसमोर होतं. कीबोर्डच्या खाली स्टिकर होता. हा पातळ मॉडेल ज्या प्रोसेसरवर चालतो तो मोबाइलच्या प्रोसेसरच्या घराण्यातला. म्हणून बॅटरी जास्त चालते. विंडोज त्यावरही असतं, दिसायला सारखंच. बरीच जुनी सॉफ्टवेअर त्यावर चालूनही जातात. पण डोंगलसारखी वस्तू ओळखायला जी छोटी फाइल लागते, ड्रायव्हर म्हणतात तिला, ती जुन्या प्रोसेसरसाठी लिहिलेली होती. इथे ती कामाची नव्हती. ट्रेनिंगमध्ये हे आम्हाला एका स्लाइडवर दाखवलं होतं. बॅटरीच्या स्लाइडवर सगळ्यांनी जास्त लक्ष दिलं होतं.

"विंडोज आहे ना, असं म्हणालास तू," सरोजताई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता.

"हो ताई. माझं चुकलं."

"मग आता? गाळा तर सोडायचाच हाय."

माझ्या टेबलावर जुन्या घराण्याचा प्रोसेसर असलेला महाग मॉडेल त्या महिन्यात नव्हता. स्वस्तातला होता, पण त्याचा स्क्रीन असा की रंग नीट कळत नाहीत, आणि पत्रिकेचं काम रंगाचं. बसत होता तो तिसऱ्या टेबलावर. ते स्नेहाचं टेबल, दुसऱ्या कंपनीचं. स्नेहा त्या दिवशी सुट्टीवर होती. तिच्याकडचा तो लॅपटॉप चांगला होता, फक्त जाड आणि हातात जड.

मी देसाई सरांकडे बघितलं. ते काउंटरवर बिलाचा कागद बदलत होते. मी सरोजताईंना घेऊन तिसऱ्या टेबलावर गेलो.

इन्स्टॉल. डोंगल. सॉफ्टवेअर उघडलं.

सरोजताईंनी खुर्ची ओढली आणि विचारलंही नाही, टाइप करायला लागल्या. कीबोर्डवर एकही मराठी अक्षर नव्हतं. त्या स्क्रीनकडेच बघत होत्या. 'आमचे येथे' पासून सुरू झालं ते 'आपले आगमन प्रार्थनीय'वर थांबलं. मग पेन ड्राइव्हवरची एक जुनी फाइल उघडली. कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका होती. वरपासून खालपर्यंत नावं वाचून बघितली. सगळी जागच्या जागी होती.

"काय चाललंय?" देसाई सर मागे उभे होते. "तू कोणाचा पगार खातोस रे?"

"सर, आपल्यावर चालत नाही."

"तुझ्या कंपनीचा सुपरवायझर मला विचारेल, आमचा पोरगा स्नेहाचा माल का विकतोय. काय सांगू?"

"तुमचंच दुकान हाय ना?" सरोजताई खुर्चीवरूनच म्हणाल्या. "इथून घेतला काय, तिथून घेतला काय, बिल तर तुमीच फाडणार."

ते खरं होतं.

सरोजताईंनी मुलाला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल माझ्या हातात देऊन लॅपटॉप दाखवायला लावला.

"आई, तो जाडजूड वाटतोय ग. मी म्हटलं होतं, पैशाकडे बघू नकोस. आयुष्यभर तू सेकंडहँडच वापरलंस. मला तुला चांगली वस्तू द्यायची होती."

"मला कळतंय रे बाळा."

"मग?"

"मला वस्तू नको. मला दुकान पाहिजे. माझं दुकान त्या मॅकमध्ये मावत नाय. ह्याच्यात मावतंय, मी आता बघितलं."

मग प्रशांतने विचारलं, "तुला उचलवेल का पण?"

त्यांनी लॅपटॉप उचलून कडेवर घेतल्यासारखा धरला. "तुज्यापेक्षा हलका हाय," म्हणाल्या.

ओटीपी आला. बिल स्नेहाच्या टेबलाच्या नावावर झालं.

पुढचं थोडक्यात सांगतो. त्या महिन्यात माझं टार्गेट अपुरं राहिलं. सुपरवायझरने मला खारघरच्या दुकानात हलवलं. शिक्षा आहे का, विचारलं तर तो म्हणाला, "नाही रे, तिकडे कस्टमर सरळ असतात." कॉलेज जवळ पडलं, त्यामुळे माझं तसं नुकसान झालं नाही. बिल दुसऱ्या टेबलाचं म्हणून सरोजताईंचा नंबर माझ्याकडे नव्हता. डोंगल दुकानात चालला, तो घरी महिनाभराने चालतोय का, हे मला कळायला मार्ग नव्हता. विंडोजला अपडेट येतात आणि जुन्या गोष्टी कधी कधी त्यात बंद पडतात. कोपरखैरण्याला त्यांच्या गाळ्यावरून गेलो तेव्हा तिथे पत्रे लागलेले होते.

या प्रसंगातून मी एवढंच शिकलो. टी-शर्ट घातलेल्या माणसावर लोक विश्वास ठेवत नाहीत, म्हणून त्याला करून दाखवावं लागतं. आणि करून दाखवायला बसलं की कधी कधी लोकांचंच बरोबर निघतं. आता मी कस्टमरला रंग आणि वजन नंतर विचारतो. ज्याच्याशिवाय तुमचं काम अडेल अशी एक गोष्ट सांगा, हे आधी विचारतो. बहुतेक लोक म्हणतात, असं काही नाही. मग थोड्या वेळाने सांगतात.

दिवाळीनंतर शाहिदचा फोन आला.

"तुझी ती पत्रिकावाली ताई आली होती आज."

"बंद पडला का?"

"काय बंद? मस्त चाललाय. करंजाड्याला नवीन नवीन सोसायट्या, रोज कोणाची ना कोणाची वास्तुशांती. काम आवरत नाय म्हणून एक पोरगी ठेवलीय तिने. ती सगळं युनिकोडमध्ये करते. ताईकडे जुनं काम, पोरीकडे नवीन."

"मग दुकानात कशाला आल्या?"

"त्या पोरीला लॅपटॉप पाहिजे होता ना. डोंगलची भानगड नाय, काही पण चाललं असतं. तुझं जुनं टेबल पण बघितलं ताईने. तुझा पातळवाला हातात घेतला, ठेवला. मग मॅक घेऊन गेली माझ्याकडून."

"मुलाने पैसे दिले?"

"नाय रे. ह्या वेळी मुलाला फोनच नाय केला. स्वतःच्या कार्डाने भरले, आणि बिल झाल्यावर त्याला फोटो पाठवला."