सायकलवाल्यांचं दीड

गेल्या रविवारी पुंडलिकनगरातल्या आमच्या घराच्या ओट्यावर बसून मी सायकलच्या एका टायरशी दोन तास कुस्ती खेळले. टायर जिंकला...

झालं असं, की आठ महिन्यांपूर्वी आमचे हे क्रांती चौकाजवळ सायकलवरून पडले. गटारावरच्या जाळीच्या फटीत पुढचं चाक अडकलं आणि खांद्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, डॉक्टरांनी सायकलला परवानगीही दिली, पण सायकल जिन्याखाली चादर पांघरून उभी ती उभीच.

रोज सायकलवर विद्यापीठाकडे जाणारा, मित्रांबरोबर चहा घेऊन मगच घरी येणारा माणूस... टीव्हीसमोर बसायला लागला. मित्रांचा फोन आला की "बघू" म्हणायचे. मी काही बोलले नाही, जखमेवर मीठ कशाला चोळायचं? पण आतून लई जीव तुटत होता.

मग ठरवलं. सायकल तीच ठेवायची, पण टायर असे रुंद घालायचे की कुठल्याही फटीत जाणार नाहीत. मागे गिअर बसवायचे, म्हणजे चढाला खांद्यावर जोर नको. आणि यांना पत्ता लागू द्यायचा नाही.

इथून माझ्या डोक्याचा भुगा व्हायला सुरुवात झाली. टायरची मापं म्हणे २६, २७.५, २९, ७००... एका व्हिडिओत कळलं की २९ आणि ७०० ची रिम एकच असते. दुसऱ्यात कळलं की २८ सुद्धा कधी कधी तीच असते. "कधी कधी" म्हणजे काय हो? मी सत्तावीस वर्षं शाळेत गणित शिकवते, आमच्याकडं आकडा कधी कधी दुसरा आकडा नसतो.

गिअरचं तर विचारूच नका. दातेरी चकत्यांचा सात गिअरचा गुच्छ मागवला. तो चाकाच्या मधल्या हबवर सरकवून बसवायचा असतो आणि आमच्या जुन्या चाकाला आट्यावर फिरवून बसणारा लागतो, हे तो घरी आल्यावर समजलं. साखळ्याही म्हणे वेगवेगळ्या रुंदीच्या असतात. कुणाला कुठली चालते ते मला अजूनही कळलेलं नाही.

टायरचं मात्र चुकणार नाही अशी खात्री होती. जुन्या टायरवर स्पष्ट लिहिलंय, २६ × १½. नव्यावर २६ × २.१. म्हणजे सव्वीस ते सव्वीसच, रुंदी तेवढी वाढली.

रविवारी हे नणंदेकडे गेले तेव्हा चाक काढलं. नवा टायर रिमवर चढेचना! नवा आहे, ताणला की बसेल म्हणून जोर लावला, अंगठे सोलले, शेवटी स्वयंपाकघरातून उलथनं आणलं... आणि फाटक वाजलं.

यांनी चाक बघितलं, उलथनं बघितलं, मग नव्या टायरवरचे आकडे वाचले. आता चिडणार, म्हणून मी मान खाली घातली. तर शांतपणे म्हणाले, "अगं, दशांशातला टायर अपूर्णांकातल्या रिमला बसत नाही. सायकलमध्ये दीड वेगळं आणि एक पॉइंट पाच वेगळं."

माझी सटकलीच. म्हटलं, तेव्हा खांद्याला लागलं होतं की डोक्याला? त्यावर हे हसायला लागले. खांदा धरून, ओट्यावर बसून... आठ महिन्यांत पहिल्यांदा. म्हणे, तू दीडशहाणी आहेस, पण त्यातलं दीड कुठलं तेही तुला माहीत नाही.

फैसला करायला यांना स्कूटीवर मागे बसवून दुकानात नेलं. दुकानदार चाचा यांना वर्षानुवर्षं ओळखतात. त्यांनी दोन टायर काढले, एकावर २६ × १½, दुसऱ्यावर २६ × १.५, आणि एकावर एक ठेवले. वरचा, दशांशातला, सगळीकडून बोटभर लहान!

"साहब बराबर बोल रे, म्याडम," चाचा म्हणाले. "दोनों दीड है, मगर खानदान अलग."

पुढं हे आणि चाचा मला विसरूनच गेले. दोन इंची टायर चाक धरणाऱ्या चिमट्यात घासेल, पावणेदोनचा बसेल. त्यासाठी रिम बदलायची, ब्रेक खाली घ्यायचे. सात गिअर नकोतच, मागची चकती जास्त दात्यांची घातली आणि साखळी थोडी वाढवली की चढ हलका होतो. मी आपली मान डोलावत उभी.

गुरुवारी सायकल तयार झाली. ट्रायल कोण घेणार, असं चाचांनी विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "राहू द्या, टेम्पोत टाकून नेऊ."

हे माझ्याकडे वळले. मग हळूच म्हणाले, "मला वाटलंच होतं. मी सायकल चालवलेली तुलाच नको आहे."

"मी असं कधी म्हटलं?"

"काहीच म्हटलं नाहीस गं. आठ महिन्यांत एकदाही म्हणाली नाहीस, की सायकल काढा."

मी समजत होते हे घाबरलेत, म्हणून गप्प. हे समजत होते मी घाबरलेय, म्हणून गप्प... आणि खरं सांगू? त्यांचं बरोबर होतं. ते रुंद टायर मी माझ्याच भीतीसाठी शोधत होते.

डोळे पुसले आणि म्हटलं, "काढा सायकल."

निघाले. मी स्कूटीवर मागे मागे, चालण्याच्या स्पीडनं, मागच्या गाड्यांचे हॉर्न खात. दुसऱ्या वळणावर यांनी मागे बघितलं आणि म्हणाले, "तू जा घरी. मी येतो."

गेले. तो एक तास कसा काढला ते माझं मला माहीत.

फाटक वाजलं, हे आत आले, घामाघूम. चहा टाकू का विचारलं.

"नको," म्हणाले. "मित्रांबरोबर झाला."