सरांनी लपवलेलं लिनक्स

हट्टा गावच्या रत्नपालला सगळी वस्ती सर म्हणायची. वसमतच्या एका विनाअनुदानित शाळेत तो शिकवायला जायचा. पगार नावापुरता, पण शर्टाला इस्त्री कडक. दोन हजार नऊ साली त्यानं नांदेडहून एक स्वस्तातला लॅपटॉप आणला. पाटीएवढा, आणि इतका हलका की बापानं, किशनरावांनी, हातात तोलून विचारलं, "आत काही हाय का न्हाई रे?"

आत विंडोजच्या जागी लिनक्स होतं. दुकानदारानं बजावलं होतं, "सर, यात विंडोज नाही. हे फुकटवालं असतं." तो 'फुकट' शब्द रत्नपालला कुसळासारखा टोचला. मशीन बिचारं झकास चालायचं, व्हायरसचं भेव नाही की काही नाही. पण गावातले चार टगे म्हणतील, सरांचं कॉम्प्युटरबी फुकटचं! मग या शहाण्यानं काय करावं? पडद्यावर विंडोजचं ते हिरवं गवत लावलं, कोपऱ्यात 'स्टार्ट'चं बटण बसवलं आणि लिहायच्या प्रोग्रॅमच्या चित्राखाली 'वर्ड' असं नाव घातलं. झाला साहेब.

दर रविवारी विहारात तो वस्तीतल्या पोरींना त्याच मशीनवर शिकवायचा. माणूस वाईट नव्हता हो, नको तिथं लाजायचा एवढंच. पोरींत ऐश्वर्या सगळ्यांत तल्लख. तिची आई भागूबाई हळदीच्या कामाला जायची. तिनं लेकीला सांगून टाकलं होतं, "कॉम्प्युटरची परीक्षा पास झालीस तर कॉलेजात घालते. न्हाई झालीस तर पाहुणे बघते."

ऐश्वर्यानं एकदा विचारलंही, "सर, परीक्षेला वसमतच्या सेंटरवर असंच असतंय ना?"

"बराबर असंच," रत्नपाल म्हणाला. जीभ अडखळली सुद्धा नाही मेल्याची.

परीक्षेच्या दिवशी सेंटरवर पोरीनं वर्ड उघडलं, तर ओळखीचं काहीच दिसेना. नवं वर्ड होतं ते. वरचे मेनू गायब, नुसती चित्रंच चित्रं. विहारात डोळे मिटून तक्ता आखणारी पोर हात मांडीवर ठेवून बसून राहिली, आणि नापास झाली.

कळलं तसा रत्नपाल जेवणावरून उठला. लॅपटॉप काखोटीला मारून तो भागूबाईच्या दारात गेला. ती अंगणात हळद वाळत घालत होती.

"या सर," ती म्हणाली. "तुमी एवढी तकलीफ घेतली, पण हिच्या टकुऱ्यात काई शिरलंच न्हाई. तुमाला तोंड दाखवायची लाज वाटून राहिली."

ऐश्वर्या चौकटीला टेकून खाली बघत होती. "मीच मठ्ठ हाय, सर."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं त्याला. एक मन म्हणत होतं, गप रहा, निभून जातंय. पण समोर ती पोर उभी होती. त्यानं बाजेवर लॅपटॉप उघडला, गवत काढलं, बटण काढलं, खरं नाव पुढं आणलं.

"हे विंडोज न्हाई. वर्डबी न्हाई. लोक हसतील म्हणून मी लपवलं. तू बराबर शिकली व्हतीस, ऐश्वर्या. मीच खोटं सांगितलं."

आता पोर चिडेल, असं त्याला वाटलं. चिडावंच तिनं. पण तिचा चेहरा उजळला. "म्हंजे मी मठ्ठ न्हाई, आई?" तिच्या त्या आनंदानं रत्नपाल जास्तच मेला.

भागूबाईनं पिवळे हात पदराला पुसले. "तुझा बाप नांदेडात खोली बघत हिंडला," ती रत्नपालकडं बघत सावकाश म्हणाली. "आडनाव सांगितलं की लोक दार लावायचे. दुसरं सांग, म्हणले सगळे. किशनराव एसटी स्टँडवर झोपला, पण आडनाव लपवलं न्हाई. अन् तू डबड्याला लाजलास?"

'सर' गेलं, 'तुमी' गेलं, उरलं नुसतं 'तू'. रत्नपालची मान वर होईना.

"पोरगी परीक्षा पुन्हा देईल," ती म्हणाली. "पाहुणे थांबतील. पण येत्या रविवारी हे सगळ्या पोरींना सांग. बापाला पुढं बसवून."

"पोरींना सांगतो. बाबांना नको."

भागूबाईनं पाठ फिरवली. पुन्हा हळद पसरायला लागली.

रविवारी रत्नपाल विहारात पोचला, तर किशनराव धुतलेलं धोतर नेसून आधीच पुढं बसलेले. लेक आज काहीतरी नवं शिकवणार आहे, असं भागूबाईनं त्यांना सांगितलं होतं.